ऑफिसच्या नेटवर्कमध्ये रॅन्समवेअर: फॉरमॅट मारण्याआधी करायची कामे

रॅन्समवेअर म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून त्या सोडवायला खंडणी मागणारा प्रोग्रॅम. प्रश्न थोडक्यात असा: कर सल्लागाराचे ऑफिस, दहा कॉम्प्युटर, त्यांतल्याच एका बऱ्यापैकी मशिनला 'सर्व्हर' केलेले, त्यावर टॅली आणि अशिलांची कागदपत्रे. सकाळी टॅली उघडेना. फाइल्सच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागलेले आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. हार्डवेअरवाला म्हणतो, सगळे फॉरमॅट मारून संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. मारू द्यावे का?

आज तरी नाही. बिघडलेले मशिन शेवटी नव्याने उभारावेच लागेल, पण आधी हल्लेखोर आत कुठून आला ते कळले पाहिजे. फॉरमॅटने फक्त त्याच्या पाऊलखुणा पुसल्या जातात, राउटरवरचे उघडे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचे दार) तसेच राहते आणि जुना पासवर्ड नव्या विंडोजवर पुन्हा टाकला जातो. मग काही दिवसांत तोच माणूस किंवा त्याच्याकडून पासवर्ड विकत घेतलेला दुसरा कोणी त्याच वाटेने परत येतो. छोट्या ऑफिसांवर एकामागून एक दोन हल्ले होतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

पहिले काम नेटवर्क तोडण्याचे. दहा मशिनच्या केबल शोधत बसू नका. नेटवर्क स्विचचा अडॅप्टर काढा, मग राउटरचा. दोन प्लग निघाले की सगळी लॅन (ऑफिसमधले केबलचे नेटवर्क) आणि वायफाय एकदम थांबते. राउटर पुढे पुन्हा लावायचा आहे, त्यामुळे त्याला आत्ताच रिसेट करू नका. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आपोआप जोडले जात असतील तर त्यांचे वायफाय हाताने बंद करा. सर्व्हरला बॅकअपची हार्डडिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर तो लगेच काढा. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हचे सिंक चालू असेल तर ते नेट तुटल्यावर थांबेल, पण नेट परत येताच बिघडलेल्या फाइल्स वर चढू लागतील. म्हणून आत्ताच सिंक 'पॉज' करून ठेवा.

मशिन बंद करायचे की चालू ठेवायचे? डोळ्यांदेखत फाइल्सची नावे बदलत असतील, डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर पॉवरचे बटण दाबून धरा आणि मशिन बंद करा, कारण प्रत्येक मिनिटाला शेकडो फाइल्स जात असतात. काम संपून चिठ्ठी पडून बसलेली असेल तर मशिन तसेच चालू राहू द्या, फक्त नेटवर्कबाहेर. काही वेळा फाइल्स उघडणाऱ्या किल्लीचे (गुप्त आकड्यांचे) अवशेष मेमरीत राहतात. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी विंडोज एक्सपी आणि ७ च्या काही मशिनवर मेमरीतले आकडे काढून फाइल्स सोडवता आल्या, पण ज्यांनी रीस्टार्ट केले नव्हते त्यांच्याच. अशी संधी क्वचित मिळते, पण ती राखायला काही खर्च येत नाही. अँटिव्हायरसचा 'फुल स्कॅन' मात्र आत्ता लावू नका. तो चिठ्ठी आणि हल्ल्याची फाइल पुसून टाकेल आणि पुढे रॅन्समवेअर कोणत्या जातीचे हे ओळखायलाच काही उरणार नाही.

आता मोबाइलने फोटो काढा. चिठ्ठी, बदललेली नावे, फाइल्सची तारीख-वेळ, टास्कबारवरचे घड्याळ. कोणत्या मशिनवर काय दिसले आणि कोणी कोणत्या वेळी काय केले, हे वहीत लिहायला सुरुवात करा. पोलिसांना, विमा कंपनीला आणि अशिलांना उत्तर देताना हीच वही उपयोगी पडते.

यानंतर, सुरुवात कोणत्या मशिनवर झाली ते शोधायचे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. सर्व्हरवरच्या चिठ्ठीच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड उघडा. वर 'ओनर' दिसतो. ज्या युझरच्या खात्यातून ती फाइल लिहिली गेली त्याचे नाव तिथे असते. एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव दिसले तर हल्ला बहुधा त्याच्या मशिनवरून शेअर्ड फोल्डरमध्ये आला. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' दिसले तर अ‍ॅडमिन खातेच हल्लेखोराच्या हातात होते, आणि हे प्रकरण गंभीर आहे. दुसरी खूण अशी: सर्व्हरवर फक्त शेअर्ड फोल्डर बिघडला असेल आणि त्याच्या डेस्कटॉपवरच्या फाइल्स शाबूत असतील, तर मूळ दुसऱ्या मशिनवर आहे. ज्या मशिनचा स्वतःचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही गेले, ते संशयित. बिघडलेल्या फाइल्स 'डेट मॉडिफाइड'ने लावून सगळ्यात जुनी वेळ लिहून घ्या.

टॅलीबद्दल इथेच सांगतो, कारण छोट्या ऑफिसात नुकसान एवढे पसरते ते या मांडणीमुळे. साध्या मल्टियुझर टॅलीत प्रत्येक मशिन शेअर्ड फोल्डरमधल्या डेटा फाइल्स थेट उघडते, त्यामुळे प्रत्येकाला तिथे लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी तर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (सगळ्यांना सगळे हक्क) देऊन टाकलेले असते. म्हणजे रिसेप्शनच्या मशिनवर चुकीची फाइल उघडली तरी सगळ्या कंपन्यांचा डेटा रॅन्समवेअरच्या तावडीत. टॅलीप्राइम सर्व्हर घेतला तर डेटा त्याच्यामार्फत जातो आणि युझरला फोल्डर दिसण्याची गरज राहत नाही. तेवढे बजेट नसेल तर निदान टॅलीचा फोल्डर आणि अशिलांच्या कागदपत्रांचा फोल्डर वेगळे शेअर करा आणि ज्याला ज्याचे काम त्यालाच ते द्या.

संशयित मशिन सापडले की त्याचे लॉग (विंडोज आपोआप ठेवते त्या नोंदी) नव्या, कोऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. ते सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, विनइव्हीटी, लॉग्ज या फोल्डरमध्ये असतात. सगळा फोल्डर घ्या. तो पेन ड्राइव्ह पुढे दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. लॉग विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये उघडतात आणि प्रत्येक प्रकारच्या नोंदीला क्रमांक असतो. काय शोधायचे, तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन, ४६२४ म्हणजे यशस्वी, ४७२० म्हणजे नवे खाते तयार झाले, ४७३२ म्हणजे कोणाला तरी एखाद्या ग्रुपमध्ये घातले, बहुधा अ‍ॅडमिनच्या. ११०२ दिसले तर लॉग कोणीतरी मुद्दाम पुसला आहे. सिस्टम लॉगमध्ये ७०४५ म्हणजे नवी सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) बसवली; रात्री दोन वाजता बसलेल्या सर्व्हिसची चौकशी झालीच पाहिजे.

एक अडचण हमखास येते. सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते. रिमोट डेस्कटॉपचे (दुरून मशिन चालवायच्या विंडोजच्या सोयीचे) पोर्ट बाहेर उघडे असेल तर दिवसरात्र पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न चालतात, त्यांच्या हजारो ४६२५ नोंदींनी लॉग भरतो आणि ज्या दिवशी हल्लेखोर आत आला त्या दिवसाची नोंद वाहून गेलेली असते. लॉग बघणारा इथे हात टेकतो. तसे करू नका. टर्मिनल सर्व्हिसेसचा 'लोकल सेशन मॅनेजर' हा वेगळा लॉग उघडा. तो 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज'च्या आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेने सापडतो. त्यात फसलेले प्रयत्न नोंदले जात नाहीत, प्रत्यक्ष सुरू झालेली सेशनच येतात, त्यामुळे आकाराने लहान असूनही त्यात कित्येक महिन्यांच्या नोंदी टिकतात. क्रमांक २१ म्हणजे नवे लॉगिन, २५ म्हणजे तुटलेले सेशन पुन्हा जोडले. प्रत्येक नोंदीत युझरचे नाव आणि कुठून आला तो आयपी पत्ता असतो. ऑफिसच्या लॅनबाहेरचा, तुमच्यापैकी कोणाचाही नसलेला पत्ता दिसला की वाट सापडली.

एनीडेस्क (दुरून मशिन चालवायचे साधन) असेल तर प्रोग्रॅमडेटामधल्या एनीडेस्क फोल्डरमध्ये 'कनेक्शन ट्रेस' नावाची साधी मजकूर फाइल असते. कोणत्या दिवशी कोणत्या आयडीवरून जोडणी झाली ते त्यात दिसते. टॅली सपोर्टवाल्याने, प्रिंटरवाल्याने, जुन्या कर्मचाऱ्याने घेतलेल्या जोडण्याही त्यात येतील. एकेक ओळखून बाजूला काढा. 'अनअटेंडेड' (समोर कोणी नसताना जोडणीचा) पासवर्ड वर्षानुवर्षे तोच ठेवलेला असेल तर ही वाटही तितकीच उघडी.

राउटर आता लावा, पण लॅनची एकच केबल एका स्वच्छ लॅपटॉपला जोडून. फायबरची किंवा डब्ल्यूएएनची (बाहेरून इंटरनेट आणणारी) केबल काढलेली ठेवा. राउटरच्या सेटिंगमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरचे कोणते पोर्ट आत कुठल्या मशिनला जोडले त्याच्या) पानाचा फोटो घ्या. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट. कोणी ते ३३९० किंवा ५००१ करून 'सुरक्षित केले' असे सांगितले असेल तर त्यावर विसंबू नका. इंटरनेट चाळणारी यंत्रे पोर्टचा क्रमांक न पाहता त्यामागे काय चालते ते ओळखतात. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठी) उघडलेली पोर्टही पाहा. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणारा ती उघडून जातो आणि त्या डीव्हीआरचे सॉफ्टवेअर पुढे कधीच अपडेट होत नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभर वेठीला धरली ती अशीच उपकरणे. राउटरमधला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता कोणी बदलला आहे का, यूपीएनपी (उपकरणांना स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) चालू आहे का, बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय चालू आहे का, हेही लिहून घ्या. फोटो झाले की मग रिसेटची पिन दाबा, नवे फर्मवेअर (राउटरचे आतले सॉफ्टवेअर) घाला आणि सगळी फॉरवर्डिंग काढून टाका.

पासवर्ड कोणत्या क्रमाने बदलता हे महत्त्वाचे आहे, आणि हे काम ऑफिसच्या कुठल्याही मशिनवरून करायचे नाही. मोबाइल डेटावरचा स्वच्छ फोन वापरा. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे 'फर्गॉट पासवर्ड' तिथेच येतात. तिथे पासवर्ड बदलून थांबू नका: 'सर्व उपकरणांतून लॉगआउट' करा, फॉरवर्डिंगचा पत्ता आणि फिल्टर तपासा. पासवर्ड बदलल्यानंतरही मेलच्या प्रती दुसऱ्या पत्त्यावर जात राहतात त्या या फिल्टरमुळे. मग बँक, आणि मग प्राप्तिकर आणि जीएसटीची पोर्टल. कर सल्लागाराकडे शेकडो अशिलांचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये असतात. ती फाइल सर्व्हरवर होती तर ती हल्लेखोराकडे गेली असेच धरून चाला. फाइल्स कुलूपबंद करण्याआधी त्या चोरून नेणे हा आता या धंद्याचा नेहमीचा भाग आहे. अशिलांना त्याच दिवशी कळवा, पोर्टलवरचा नोंदणीकृत मोबाइल, ईमेल आणि परताव्याचे बँक खाते बदललेले नाही ना ते तपासायला सांगा, आणि प्राप्तिकर पोर्टलवरचे 'ई-फायलिंग व्हॉल्ट' (लॉगिनला जादा कुलूप लावणारी सोय) चालू करायला लावा. त्यांना हे सांगणे अवघड जाते, पण परतावा दुसऱ्याच खात्यात गेल्यावर सांगणे त्याहून अवघड.

डिजिटल सहीचे टोकन तपासा. त्यातली किल्ली कॉपी करता येत नाही, पण टोकन मशिनला लावून ठेवलेले असेल आणि पिन टाइप करताना पकडला गेला असेल, तर तुमच्या मशिनवरूनच तुमची सही मारता येते. घटनेच्या रात्री टोकन लावलेले होते अशी शंका असली तरी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे ते रद्द करायला सांगा आणि नवे घ्या.

कळवण्याची मुदत फार थोडी आहे. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेश आणि रॅन्समवेअरसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. ६ तासांत पूर्ण अहवाल कोणी मागत नाही. त्या क्षणी हाताशी असलेली माहिती द्या, उरलेली नंतर पाठवता येते. पोलीस तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात. बँकेतून पैसे गेले असतील तर बाकी सगळे सोडून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवले तरच हाती लागतात. पुढे खटल्यात लॉग पुरावा म्हणून द्यायचे असतील तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये काहीही बदलले तर बदलणारा तिचा ठसा) भरावे लागते. म्हणून पेन ड्राइव्हवर लॉग घेतल्याबरोबर विंडोजमधल्या 'सर्टयुटिल'ने त्यांचे एसएचए-२५६ हॅश काढून वहीत चिकटवा.

आता मूळ डिस्कचे काय करायचे? सर्व्हरची आणि संशयित मशिनची डिस्क पुसूच नका. काढा, त्यावर मशिनचे नाव आणि तारीख लिहा, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि नवी एसएसडी घालून मशिन उभे करा. छोट्या ऑफिससाठी इमेजिंगच्या (डिस्कची हुबेहूब प्रत काढण्याच्या) खटपटीपेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचे. पुरावाही राहतो आणि डेटा परत मिळण्याची आशाही. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल आणि नेदरलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये दोन सुरक्षा कंपन्यांबरोबर सुरू केलेला उपक्रम आहे. त्याच्या साइटवर चिठ्ठी आणि एकदोन बिघडलेल्या फाइल्स चढवल्या की जात ओळखता येते आणि मोफत किल्ली असेल तर मिळते. आज नसली तरी पुढे येऊ शकते: उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून छोट्या ऑफिसांत वर्षानुवर्षे शिरणाऱ्या फोबॉस या जातीसाठी जपानी पोलिसांनी २०२५ च्या जुलैत मोफत साधन दिले. ज्यांनी जुन्या डिस्क पुसल्या होत्या त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. चढवायला फाइल निवडताना अशिलाची खासगी माहिती नसलेली निवडा.

खंडणी देऊ नका, असेच सांगेन. पैसे देऊन आलेले साधन मोठ्या डेटाबेस फाइल्सवर अडखळते, चोरलेला डेटा परत येत नाही, आणि तुम्ही पैसे देणारे गिऱ्हाईक आहात हे त्यांना कळते. 'शंभर टक्के रिकव्हरी' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पद्धत विचारा. काही जण गुपचूप हल्लेखोराशीच सौदा करून वर आपला नफा लावतात. त्याआधी मोफत वाटा संपवा. वनड्राइव्हच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यात मागच्या ३० दिवसांतल्या कोणत्याही क्षणावर सगळ्या फाइल्स परत नेता येतात, गुगल ड्राइव्हवर फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात. विंडोजच्या शॅडो कॉपी (आपोआप ठेवलेल्या फाइल्सच्या जुन्या प्रती) बहुधा पुसलेल्या असतात, पण प्रत्येक मशिनवर पाहा. एखादे सुटलेले असते. एसटीओपी जातीचा हल्ला असेल तर तो प्रत्येक फाइलचा फक्त पहिला १५० केबी भाग बिघडवतो, त्यामुळे मोठ्या झिप आणि व्हिडिओ फाइल्समधला उरलेला भाग काढता येतो. ही जात क्रॅक केलेल्या (परवाना न घेता चालवलेल्या) सॉफ्टवेअरबरोबर येते, म्हणून ती सापडली की अ‍ॅक्टिव्हेटर कोणी आणि कोणत्या मशिनवर चालवला, हा पुढचा प्रश्न.

बॅकअपची डिस्क बिघडलेल्या मशिनला लावू नका, 'फक्त बघायला' सुद्धा नाही. स्वच्छ लॅपटॉपला लावून आधी तिची प्रत काढा, मग प्रतीवर काम करा. परत आणायचा तो फक्त डेटा. घटनेआधी चार दिवस घेतलेली पूर्ण सिस्टम इमेज (विंडोजसकट सगळ्याची प्रत) असेल तर ती टाकून मोकळे व्हायचा मोह होतो, पण हल्लेखोर फाइल्स बंद करण्याआधी काही दिवस आत फिरत असतो. त्या इमेजमध्ये त्याचे खातेही परत येईल.

नवी उभारणी स्वच्छ मशिनवर बनवलेल्या ८ जीबीच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून करा, सगळी पार्टिशन काढून. 'रिसेट धिस पीसी' पुरत नाही. विंडोज १० ला मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, त्यामुळे जी मशिन ११ घेत नाहीत ती निदान टॅली आणि बँकिंगपासून दूर ठेवा. पहिले अपडेट मोबाइल हॉटस्पॉटवर पूर्ण करा, मगच लॅनची केबल लावा. अ‍ॅडमिन खाते वेगळे, रोजचे खाते साधे, आणि प्रत्येक मशिनचा अ‍ॅडमिन पासवर्ड निराळा. दहाही मशिनवर एकच पासवर्ड असला की एक पडले म्हणजे दहाही पडले. विंडोजचे मूळ 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते बंद ठेवा. २०२२ च्या ऑक्टोबर अपडेटआधी कितीही चुकीचे पासवर्ड टाकले तरी ते खाते लॉक होत नसे, त्यामुळे पासवर्ड फोडणारे अजूनही आधी त्याच नावावर प्रयत्न करतात. लॉकआउट (खाते आपोआप लॉक होणे) १० चुकांवर लावा.

जी मशिन तुम्हाला शाबूत वाटतात आणि नव्याने उभारायची नाहीत, त्यांवर चार गोष्टी हाताने पाहा: डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या 'एक्स्क्लूजन'च्या (तपासायचे नाही अशा) यादीत सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर घातलेला आहे का, टास्क शेड्युलरमध्ये अनोळखी काम आहे का, युझरच्या यादीत अनोळखी नाव आहे का, आणि लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीजऐवजी काळी कमांड विंडो उघडते का. शेवटची खूण दिसली तर पासवर्डशिवाय आत यायची वाट हल्लेखोराने ठेवून दिली आहे. ते मशिनही नव्याने उभारा.

घरून काम लागतेच, म्हणून हार्डवेअरवाला दोन दिवसांनी पोर्ट पुन्हा उघडून देऊ पाहील. त्याऐवजी वायरगार्ड या तंत्रावर चालणारे व्हीपीएन (बाहेरून ऑफिसात यायची कुलूपबंद वाट) लावा. टेलस्केलसारखे साधन तासाभरात बसते आणि राउटरवर एकही पोर्ट उघडावे लागत नाही. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि पाहुण्यांचे वायफाय गेस्ट नेटवर्कवर टाका. बॅकअपसाठी दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापरा. एक लावलेली असताना दुसरी घरी. महिन्यातून एकदा तिच्यातली एक कंपनी दुसऱ्या मशिनवर टॅलीत प्रत्यक्ष उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहा.

सिक्युरिटी लॉगची मर्यादा २० एमबीवरून १ जीबी करा. सर्ट-इनला लॉग १८० दिवस ठेवलेले लागतात, त्यामुळे दर शनिवारी सर्व्हरचे लॉग बॅकअपच्या डिस्कवर घ्या. पहिले चार आठवडे दर दिवशी सकाळी लोकल सेशन मॅनेजरच्या २१ आणि २५ च्या नोंदी, नवे खाते आणि राउटरचे फॉरवर्डिंगचे पान एवढेच पाहायचे. ऑफिस बंद असतानाच्या वेळेची एक जरी नोंद दिसली तरी स्विचचा प्लग काढून पहिल्यापासून सुरू करा.